एका बाराची किंमत

वर्षाला माझा एक बार निघतो. फार तर दोन. सरावाच्या मैदानावर उडवतो ती काडतुसं मी यात धरत नाही. रानात, खऱ्या जनावरावर म्हणून बोलतोय. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरचा शनिवार उजाडला की इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात रायफलने हरणं मारायचा हंगाम सुरू होतो आणि दोन आठवड्यांत संपतो. तेवढ्यात मी चार-पाच पहाटे जंगलात जाऊन बसतो. बहुतेक पहाटे काहीच घडत नाही. एखाद्या पहाटे ओकच्या पानांवर पावलं टाकत एक मादी येते, आणि वर्षभराच्या तयारीचा निकाल दोन-तीन सेकंदांत लागतो.

त्या दोन-तीन सेकंदांसाठी ३,४०० डॉलरची रायफल घ्यावी का, हा प्रश्न मागच्या वर्षी कित्येक महिने माझ्या मागे लागला होता.

गावी काकांना फोनवर सांगितलं. आमचं घर संगमेश्वर तालुक्यातलं. काका अजून तिथेच असतात, भातशेती आणि काजू सांभाळतात. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. नळीत दारू ओतायची, गजाने ठासायची, वर छरे, मागे केप. रानडुकरं भातात उतरली की हवेत एक बार काढायचा, त्या रात्रीपुरती शांतता. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. घरात बंदुकीविषयी बोलायचं तर ते काकांशीच.

"किती बार निघतात तुझे वर्षाला?" त्यांनी विचारलं.

"एक. फार तर दोन."

"आणि बंदूक केवढ्याची म्हणालास?"

"आपल्या पैशात तीन लाखांची, काका."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आत्ता आहे ती वाजत नाही का?"

वाजते. चांगली वाजते. काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची, ३०८ मापाच्या काडतुसाची माझी रायफल मी दुर्बिणीसकट ५५० डॉलरला घेतली होती. तिने मला कधी दगा दिलेला नाही. तरीही मला दुसरी हवी होती, आणि ती का हवी होती हे मी काकांना त्या फोनवर सांगितलं नाही.

*

आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं खटकणार. खटकायलाच हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीचा काळ संपवला आणि तो संपला हे योग्यच झालं. माझ्या आजोबांनी भेकरं मारली, डुकरं मारली. पण आज सह्याद्रीत कुणी हौसेने बंदूक घेऊन शिरलं तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन.

इथलं गणित वेगळं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियातली हरणं जवळजवळ संपली होती: बेसुमार शिकार, आणि त्यात जंगलंही उघडीबोडकी झालेली. १८९५ मध्ये राज्याने शिकारीवर देखरेख ठेवणारा आयोग नेमला, पुढे बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, १९१३ पासून शिकारीला परवाना लागू केला. लांडगे आणि डोंगरी सिंह, म्हणजे प्यूमा, तोवर नाहीसे झाले होते. मग हरणं इतकी वाढली की ओकची रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत खाल्ली जाऊ लागली. आता कुठल्या भागात किती माद्या मारायच्या याचे परवाने दरवर्षी मोजून निघतात. मी त्यातलाच एक परवाना घेतो. मिळालेलं मांस आम्ही वर्षभर खातो. एका हरणाचं अठरा-वीस किलो निघतं, आणि त्याच्या खिम्याला भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण असं लागतं की गावाहून आलेली माझी आई, जी पहिले दोन दिवस ताटाला हात लावत नव्हती, तिने तिसऱ्या दिवशी स्वतः फोडणी घातली.

शेजारच्या आजोबांनी मला हे शिकवलं. ते सत्तरीच्या पुढचे. उत्तरेला पॉटर काउंटीत त्यांच्या वडिलांनी बांधलेली लाकडी खोपी आहे. मी इथे आल्यावर सहा वर्षांनी, ग्रीन कार्ड हातात पडल्यावर, त्यांच्यामागून पहिल्यांदा जंगलात गेलो.

*

ती मादी माझ्या तिसऱ्या हंगामातली.

सकाळचे साडेसात. पारा शून्याखाली. मी हेमलॉकच्या बुंध्याला पाठ टेकून बसलो होतो. ती उताराच्या खालून आली, ऐंशी-नव्वद पावलांवर थांबली, आडवी. म्हणजे जशी हवी तशीच. मी रायफल खांद्याला लावायला गेलो तर दस्त्याची टाच कोटात अडकली. ती सोडवून पुन्हा वर घेतली. दुर्बिणीत पाहिलं तर पूर्ण गोल दिसेना; कडेला काळी चंद्रकोर. डोळा मागे राहिला की अशी चंद्रकोर येते. मी मान पुढे ताणली, चंद्रकोर हलली पण गेली नाही. मादीने कान माझ्याकडे वळवले. आता जाणार, असं मनात आलं आणि मी चाप ओढला. दाबला नाही, ओढला.

ती पाठीत कमान करून उडाली आणि रोडोडेंड्रॉनच्या जाळीत शिरली.

रक्त कसं वाचायचं ते आजोबांनी शिकवलं होतं. फुप्फुसात गोळी लागली तर रक्त उजळ लाल, फेसाळ; जनावर शंभर पावलांत पडलेलं सापडतं. मला पानांवर जे मिळालं ते गडद होतं, आणि त्यात हिरवट, अर्धवट चघळलेलं काहीतरी. मी बोटाला लावून हुंगलं. ओळखायला वेळ लागला नाही. पोटात लागली होती.

अशा वेळी लगेच मागे जायचं नसतं. मागे गेलं की ते आणखी पळतं. बसू दिलं तर जवळच कुठेतरी बसतं आणि तिथेच जातं, पण त्याला कित्येक तास लागतात. आम्ही थांबलो. दुपारी बर्फ पडू लागलं आणि माग झाकला गेला. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पुन्हा शोधलं. दहाच्या सुमारास ओढ्याच्या काठी सापडली. रात्री कोयोटी, म्हणजे इकडचे कोल्ह्यांसारखे प्राणी, येऊन गेले होते. ती अजून जिवंत असताना आले की नंतर, हे मला कळायला मार्ग नव्हता, आणि मी आजही रात्री जागा झालो तर याचाच विचार करतो.

आजोबा काही बोलले नाहीत. उरलेल्या भागावर परवान्याची चिठ्ठी बांधायला मला मदत केली. ती मादी माझ्या नावावर लागली, तशी ती लागायलाच हवी होती.

तीन लाखांच्या रायफलचं मूळ हे. मला ती चूक पैसे भरून मिटवायची होती.

*

रायफलच्या दुकानात महाग माल मागच्या भिंतीला असतो. दुकानदाराने काढून दिली ती युरोपातल्या एका जुन्या कारखान्याची होती, अखरोटाच्या लाकडाचा दस्ता. ते लाकूड मी विसरणार नाही. पिवळसर अंगावर काळ्या-तपकिरी रेषा, आणि त्या रेषा मनगटाच्या जागी, जिथे लाकूड सगळ्यात बारीक आणि कमकुवत असतं, तिथे बरोबर सरळ नळीच्या दिशेने धावत होत्या, म्हणजे धक्क्याने तिथे चीर जाऊ नये. वरून तेल चोळलेलं, लाखेचा चकचकाट नाही. पकडीची जाळी हाताने कापलेली. अंगठ्याने चाचपली की प्रत्येक टोक वेगळं लागत होतं.

बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करायचा मागचा दांडा, ओढला. आजीच्या शिसवी कपाटाचा खण आठवला, जो एका बोटाने सरकायचा आणि शेवटी हवेवर थांबायचा. मग रिकाम्या नळीवर चाप दाबून पाहिला. माझ्या रायफलचा चाप सादळलेल्या पापडासारखा आहे, आधी वाकतो आणि मग कधीतरी मोडतो. हा वाळलेल्या कुरडईसारखा मोडला: काही नाही, काही नाही, आणि कट्.

मी ती घेऊन त्याच दिवशी घरी आलो असतो. दुकानात भरायचा सरकारी अर्ज, पार्श्वभूमीची तपासणी, हे सगळं अर्ध्या तासाचं काम. बायको बरोबर होती म्हणून थांबलो. ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी ही असती तर काय वेगळं झालं असतं, ते मला सांग. मग घे."

मला सांगता येईना. म्हणून मी शोधायला लागलो.

*

पहिली गोष्ट कळली ती अशी की अचूकपणासाठी आज एवढे पैसे मोजायची गरज उरलेली नाही. पूर्वी होती. स्वस्त रायफलींचे चाप जड आणि खरखरीत असायचे, नळ्या दस्त्याला कुठेतरी टेकलेल्या असायच्या, पावसात लाकूड फुगलं की नेम सरकायचा. २००३ च्या आसपास सॅव्हेज कंपनीने गिऱ्हाइकाला स्वतः हलका करता येईल असा चाप साध्या रायफलींत दिला, आणि इतरांना त्यामागे यावंच लागलं. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी धातूकामातला फरक कमी केला. प्लास्टिकचा दस्ता दिसायला कसाही असो, तो ओल पीत नाही.

फिनलंडमध्ये रीहिमॅकी नावाचं गाव आहे. तिथे साको कंपनीच्या कारखान्यात महागडी साको बनते आणि तिच्या मानाने बरीच स्वस्त टिक्काही बनते. दोन्हींच्या नळ्या एकाच पद्धतीच्या: पोलादी नळीत कडक धातूचा, पीळ कोरलेला गज घालतात आणि बाहेरून यांत्रिक हातोड्यांनी थंड पोलाद ठोकून ठोकून त्या गजावर बसवतात. गज बाहेर काढला की आतला पीळ तयार. हा पीळच गोळीला फिरवतो आणि सरळ नेतो. रायफल आणि गावच्या माझ्या आजोबांच्या साध्या नळीच्या बंदुकीत मुख्य फरक तोच. टिक्का घेणाऱ्याला नळी कमी प्रतीची मिळत नाही. त्याला लाकूड, चकाकी आणि आतले काही सुटे भाग साधे मिळतात.

ऑगस्टमध्ये एका मित्राने त्याची तशीच महागडी रायफल मैदानावर वापरायला दिली. मी दोन्ही घेऊन गेलो. शंभर यार्डांवर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवून पाच-पाच गोळ्या. त्याच्या रायफलच्या पाच एका इंचाच्या आत आल्या. माझ्या रायफलच्या पाच दीड इंचाच्या आत. फरक आहे, आणि तो कागदावर स्पष्ट दिसतो. पण मधल्या बिंदूपासून मोजला तर तो पाव इंच भरतो. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते ती साधारण आठ इंचांची, नाश्त्याच्या बशीएवढी. बशीत पाव इंच.

मग पिशव्या बाजूला ठेवून उभ्याने मारल्या. दोन्ही रायफलींच्या गोळ्या बशीत मावल्या नाहीत. जेवणाच्या ताटभर पसरल्या, आणि कुठल्या भोकाची गोळी कुठल्या रायफलची, हे मला स्वतःला ओळखता आलं नसतं. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. त्या फरकाची किंमत २,८५० डॉलर होती, आणि ३०८ च्या वीस काडतुसांचं खोकं मला ३८ डॉलरला पडतं. म्हणजे पंचाहत्तर खोकी. दीड हजार बार.

*

आजोबांकडे मात्र वेगळीच रायफल आहे. विंचेस्टरची मॉडेल ७०, २७० ची, त्यांच्या वडिलांनी पन्नाशीच्या दशकात घेतलेली. हे मॉडेल १९३६ मध्ये आलं. त्याच्या बोल्टच्या कडेला पोलादाचा एक लांब पंजा आहे. काडतूस पेटीतून वर येताक्षणी तो पंजा त्याची कड पकडतो आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. कल्पना जर्मनीच्या १८९८ च्या माउझरची. रायफल तिरकी धरा, उलटी धरा, काडतूस सुटत नाही. १९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवायला तो पंजा काढून टाकला, दस्त्यावरची जाळी हाताने कापायची सोडून दाबाने उमटवायला सुरुवात केली, आणि लोकांनी ते इतकं मनाला लावून घेतलं की आजही त्या सालाआधीच्या रायफलीला लोक जास्त पैसे मोजतात. पंजा पुढे परत आला, पण १९६४ हा आकडा इथल्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांच्या तोंडी राहिला तो राहिलाच.

ती रायफल हातात घेतली की आजोबांचा उजवा अंगठा जिथे बसतो तिथे लाकडाचं तेल उडून ते गुळगुळीत आणि काळसर झालेलं दिसतं. आधी त्यांच्या वडिलांचा अंगठा तिथे बसत होता. कारखान्यातून निघाली तेव्हा ती दुकानात मिळणारी चांगली रायफल होती, एवढंच.

हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांत जिम कॉर्बेटचं उदाहरण मला नेहमी आठवतं. १९०७ मध्ये त्यांनी कुमाऊंत चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, जिच्या नावावर ४३६ माणसं होती. शेवटच्या क्षणी त्यांच्याकडची काडतुसं संपली होती, आणि त्यांनी धावत जाऊन तहसीलदाराची जुनी छऱ्याची बंदूक आणली. त्या कामगिरीबद्दल सरकारकडून त्यांना लंडनच्या रिग्बीची २७५ ची रायफल भेट मिळाली. म्हणजे उंची रायफल आली ती काम झाल्यावर. पण तेवढ्यावर थांबणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. १९३० मध्ये चौगडची वाघीण अवघ्या काही पावलांवर समोर आली तेव्हा कॉर्बेटांच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती आणि उजव्या हातात २७५. एका हाताने ती इंचाइंचाने फिरवून त्यांनी गोळी झाडली. तिथे रायफलचा हलकेपणा आणि तोल यांचं मोल जिवाइतकं होतं.

तेव्हा महाग रायफल वाया जाते असं मी म्हणणार नाही. वायोमिंगच्या डोंगरांत दहा हजार फुटांवर दिवसभर चालणाऱ्याला दोन पौंड हलकी रायफल संध्याकाळपर्यंत कळते. आफ्रिकेत रानरेडा अंगावर येत असेल तर काडतूस न सोडणारा तो पंजा हवाच. मी हेमलॉकखाली बसतो आणि नव्वद पावलांवर मारतो. माझ्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही.

*

उत्तर मिळालं ते आजोबांच्या गॅरेजमध्ये. सप्टेंबरचा पहिला आठवडा, दमट उकाडा. मी त्यांना सगळं सांगत होतो: पंजा, पाव इंच, ताटली. ते ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या अंगात काय होतं?"

"कोट."

"तो घेऊन ये."

मी घरी जाऊन कोट आणला. आत लोकरी थर असलेला जाड कोट, वरून केशरी बंडी. ते सगळं त्या उकाड्यात अंगावर चढवलं. बोल्ट उघडून, नळी रिकामी असल्याची दोघांनी खात्री करून, रायफल खांद्याला लावली. टाच कोटात अडकली. सोडवून वर घेतली, आणि दुर्बिणीत कडेला काळी चंद्रकोर उगवली.

माझ्या हातापायात कापरं भरलं. तीच चंद्रकोर.

कारखान्यात बनणाऱ्या बहुतेक रायफलींचा दस्ता चापापासून टाचेपर्यंत साधारण पावणेचौदा इंच असतो. माझी उंची पाच फूट चार. शर्टावर तो दस्ता कसाबसा चालतो. कोटाची जाडी मध्ये आली की डोळा मागे जातो. दुकानात मी जुलै महिन्यात अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभा होतो, आणि सरावाला आजवर नेहमी उन्हाळ्यातच गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी कोट हातावर टाकून त्या दुकानात गेलो. दुकानदाराने काही विचारलं नाही, हे त्याचं मोठेपण. कोट घालून अखरोटाची रायफल वर घेतली. लाकूड तितकंच देखणं होतं. चापही तसाच. दस्ता माझ्या रायफलपेक्षा पाव इंचाने लांब होता आणि चंद्रकोर आणखी जाड. ती रायफल त्या सकाळी माझ्या हातात असती तरी ती मादी तशीच मेली असती.

लंडनचे जुने बंदूकवाले गिऱ्हाइकाला आधी एक सांध्यासांध्यात हलणारी बंदूक खांद्याला लावायला देत. तिचा दस्ता वर-खाली, लांब-आखूड करत मापं घेत आणि त्याबरहुकूम लाकूड कोरत. शिंप्याने शेरवानीचं माप घ्यावं तसं. तिथे जास्तीचे पैसे कशाचे, तर त्या मापाचे. मला जे हवं होतं ते तेवढंच होतं, आणि त्यासाठी अखरोटाची गरज नव्हती.

गावातल्या एका कारागिराने माझा प्लास्टिकचा दस्ता पाऊण इंच कापला, नवी रबरी टाच बसवली, तिच्या कडा गोल घासल्या म्हणजे कापडात अडकू नयेत, आणि दुर्बीण थोडी मागे सरकवली. शंभर डॉलरच्या आत काम झालं. चापही त्याने साफ करून हलका केला. कुरडई झाली नाही, पण सादळलेपण गेलं.

*

तरीही ती अखरोटाची रायफल मला हवी आहे, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

आजोबांची, म्हणजे माझ्या सख्ख्या आजोबांची, बारा बोअरची दुनळी होती. ते गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. परवाना वारसाच्या नावावर करायचा तर हेलपाटे फार, आणि बाबांना बंदुकीची आवड नाही. ती आधी जमा झाली, मग परवानाधारक दुकानदाराला गेली. घरात राहिला तो काडतुसांचा चामडी पट्टा. मागच्या खेपेला काकांनी तो मला दिला. त्याच्या कप्प्यांना अजून गोल आकार आहे. जिथे काडतुसं असायची तिथे चामडं फुगून तसंच राहिलंय.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती शेजारच्या आजोबांच्या रायफलवरच्या त्या काळ्या अंगठ्याच्या जागेवर आपला अंगठा ठेवून पाहते. प्लास्टिकवर अशी जागा पडत नाही. मला तिच्या हाती द्यायला असं काहीतरी हवं आहे, आणि त्यासाठी तीन लाख देणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. फक्त त्याने स्वतःशी म्हणावं की मी लाकूड घेतोय, वारसा घेतोय. नेम घेतोय असं म्हणू नये. मी त्या उन्हाळ्यात तेच म्हणत होतो, आणि त्या मादीच्या नावाने म्हणत होतो, याची मला लाज वाटते.

इथे रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, १९३७ च्या कायद्याचा. तो कारखानदाराकडून घेतला जातो आणि वन्यजीव आणि त्यांच्या अधिवासाच्या कामासाठी राज्यांना परत जातो. महाग रायफल घेतली असती तर त्या जंगलाला माझ्याकडून थोडं जास्त गेलं असतं, हाही विचार मनात येऊन गेला. मग काडतुसांची दहा खोकी घेतली. कर त्यांच्यावरही आहे.

सप्टेंबरपासून दर रविवारी मी मैदानावर जात राहिलो, कोट घालून. लोक बघायचे. आधी बावीसच्या छोट्या रायफलीवर, जिचं काडतूस काही सेंटांत येतं, मग ३०८ वर. पिशव्यांना हात लावला नाही. जमिनीवर बसून, झाडाच्या खुंटाला पाठ टेकून, गुडघ्यांवर कोपरं ठेवून. रायफल मांडीवरून वर घ्यायची, गोल पूर्ण दिसला तरच चाप. नाही दिसला तर खाली ठेवायची. हे खाली ठेवणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ऑक्टोबरच्या शेवटी गोळ्या बशीत यायला लागल्या.

*

हंगामाच्या चौथ्या दिवशी एक मादी आली. साठेक पावलं. रायफल वर घेतली, गोल पूर्ण दिसला, पण ती माझ्याकडे तोंड करून उभी होती. मी रायफल खाली घेतली. ती दोन झाडांमागून गेली आणि पलीकडे आडवी झाली. पुन्हा वर घेतली.

त्या रात्री काकांना फोन केला. तिकडे सकाळ होती, मागे कोंबडा आरवत होता.

"किती बार?" त्यांनी विचारलं.

"एक."

"मग?"

"जाग्यावर, काका."

ते काही बोलले नाहीत. हुंकार ऐकू आला फक्त. मग म्हणाले, "वाटे घातलेस का?" आमच्याकडे शिकार झाली की वाडीभर वाटे जायचे, बार काढणाऱ्याचा वेगळा.

"घातले. एक शेजारच्या आजोबांना, एक ऑफिसातल्या मित्राला. बाकीचं घरी."

"बरं. काळजी घे त्या मांसाची. रात्रभर मीठ-हळद लावून ठेव, नाहीतर वातड होतं," काका म्हणाले, आणि फोन काकूकडे दिला, कारण वाटणात खोबरं किती घ्यायचं ते तिला माझ्या बायकोला सांगायचं होतं.